चपळ लुटारू आणि कोंबडीचा पाय



अंधेरी स्टेशनाच्या पश्चिमेस, दाट वस्तीच्या मधोमध, काळ्या दगडाच्या उभ्या खांबांची एक टेकडी आहे. तिला गिल्बर्ट हिल म्हणतात. उंची सुमारें २०० फूट. माथ्यावर गांवदेवीचें देऊळ आहे आणि वर जाण्यास खडकांत पायऱ्या खोदलेल्या आहेत. नोकरीच्या काळांत दर वर्षीं सातवीचा वर्ग मी या टेकडीच्या पायथ्याशीं नेत असें. खांबांकडे बोट दाखवून मुलांना सांगें, "बाळांनो, हा दगड डायनोसॉरांनीं पाहिलेला आहे बरें!" मुलें माना वर करून पाहत, आणि मला मोठें समाधान वाटे. हें वाक्य मीं किती वर्षें उच्चारलें याचा हिशेब केला तर तो विसाच्या खालीं येत नाहीं. तें वाक्य चुकीचें होतें. त्या चुकीची हकीकत, आणि तिच्याहून अधिक मनाला लागलेल्या दुसऱ्या एका चुकीची हकीकत, आज एका लहानशा मांसाहारी डायनोसॉराच्या निमित्तानें आपणांपुढें मांडावयाची आहे.

प्रथम माझी पात्रता सांगतों, म्हणजे कोणाचा अपेक्षाभंग व्हावयाचा नाहीं. मी मॅट्रिक झालेला माणूस. पुढें शिक्षकाची पदविका घेतली आणि उपनगरांतील एका मराठी शाळेंत पस्तीस वर्षें मुलांना शिकविलें. भाषा, इतिहास, विज्ञान, वेळापत्रकांत जो तास रिकामा दिसेल तो माझा. प्राचीन प्राण्यांसंबंधीं माझें ज्ञान म्हणजे दोन पाठ्यपुस्तकें आणि एक सिनेमा. आणि खरें सांगावयाचें तर त्यांतही सिनेमाचाच भाग मोठा.

तो सिनेमा आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. मायकेल क्रायटन या अमेरिकन कादंबरीकारांची 'ज्युरासिक पार्क' ही कादंबरी १९९० सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यावरून स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीं १९९३ मध्यें चित्रपट काढला, आणि १९९४ सालीं तो हिंदी बोलूं लागून आपल्याकडील चित्रपटगृहांत आला. आम्हीं तो सहकुटुंब पाहिला. डोंगरासारख्या देहाचा टायरॅनोसॉर त्यांत आहेच. परंतु आमची झोंप उडविली ती त्यानें नव्हे, रॅप्टर नांवाच्या प्राण्यांनीं. माणसाच्या उंचीचे, खवल्यांच्या कातडीचे, टोळीनें शिकार करणारे आणि दाराची मूठ फिरवून स्वयंपाकघरांत शिरणारे ते प्राणी! दोन लहान मुलें ओट्याआड दडून बसलेलीं, आणि हे फरशीवर नख्या आपटीत त्यांना हुंगत हिंडत आहेत, हा प्रसंग कोण विसरेल? आमच्या सौभाग्यवती मागाहून म्हणाल्या, "तेवढें मोठें स्वयंपाकघर होतें म्हणून पोरें वांचलीं. आपल्याकडे असतें तर लपायला जागा कुठें होती?" या प्राण्याची कीर्ति एवढी पसरली कीं १९९५ मध्यें खेळूं लागलेल्या टोरांटो शहराच्या बास्केटबॉल संघानें त्याचेंच नांव धारण केलें. खेळण्यांच्या दुकानांतून तर तो आजतागायत हटलेला नाहीं.

त्याच वर्षीं पावसाळ्यांत सातवीच्या वर्गावर प्राचीन प्राण्यांचा पाठ आला. मीं फळ्यावर सिनेमांतल्या रॅप्टराचें चित्र काढलें. चित्रकला माझी बरी आहे. खवले, वांकड्या नख्या, सर्व कांहीं नीट उतरलें. तोंच मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. त्याच्या वडिलांचें स्टेशनाजवळ कोंबड्यांचें दुकान होतें. तो म्हणाला, "सर, ह्याचा पाय कोंबडीचा आहे. बोटें तशीं, नख्या तशा, पायावरचे खवलेसुद्धां तसेच. मी रोज बघतों. ही कोंबडीच आहे सर, मोठी."

वर्ग हंसला. त्या हंसण्याला आळा घालणें हें माझें काम होतें. मीं उलट त्यांत भर घातली. "तुला जिकडे तिकडे आपलें दुकानच दिसतें," असें म्हणून मीं त्याला खालीं बसविलें. पुढें वर्षभर मुलें त्याला पाहिलें कीं कोंबड्यासारखीं आरवत. मला तें शिक्षकांच्या खोलींत ऐकूं येत असे.

आमच्या घरीं मांसाहार वर्ज्य. कोंबडीचा पाय मीं जन्मांत कधीं जवळून पाहिला नव्हता. त्या वर्गांत तो रोज पाहणारा एकच माणूस होता, आणि तो बोलला होता.

या गोष्टीवर तीस वर्षांची धूळ बसली. गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत माझा दहा वर्षांचा नातू एक हिरवा प्लॅस्टिकचा रॅप्टर घेऊन आला. मीं सहज म्हटलें, "हा सिनेमांतला दिसतो." तो गंभीरपणें म्हणाला, "आजोबा, हा चुकीचा आहे. ह्याला पिसें नाहींत, आणि हा फार मोठा आहे." मीं विचारलें, "तुला कोणीं सांगितलें?" त्यानें पुस्तक पुढें केलें. तें पुस्तक आणि त्यानंतर आणखी कांहीं पुस्तकें आम्हीं दोघांनीं मिळून वाचलीं. त्यांतून जें हातीं लागलें तें सांगतों.

या प्राण्याचें पूर्ण नांव व्हेलोसिरॅप्टर. ११ ऑगस्ट १९२३ रोजीं मंगोलियांतील गोबीच्या वाळवंटांत, न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरीनें धाडलेल्या मोहिमेंतील पीटर कायसेन यांना एक चेंगरलेली कवटी आणि तिच्याजवळ एक वांकडी नखी सांपडली. म्यूझियमचे अध्यक्ष हेन्री फेअरफील्ड ऑस्बॉर्न यांनीं १९२४ सालीं त्याचें बारसें केलें. नांवाचा अर्थ चपळ लुटारू. आतां याचें माप ऐका. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत दीड ते दोन मीटर, आणि त्यांत शेपटीचाच वांटा मोठा. कमरेशीं उंची अर्धा मीटर, म्हणजे आपल्या गुडघ्याच्या किंचित् वर. वजन १५ ते २० किलोच्या घरांत. आमच्या गल्लींतला एखादा धष्टपुष्ट कुत्रा तेवढाच भरेल. डायनोसॉरांना मराठींत भीमसरट असा भारदस्त शब्द आहे; पण या प्रकृतीच्या प्राण्याला भीम म्हणावयाचें म्हणजे जरा धाडसच होय.

मग सिनेमांतला तो माणसाएवढा प्राणी आला कोठून? त्याची गोष्ट मनोरंजक आहे. अमेरिकेंतील मॉन्टॅना प्रांतांत १९६४ सालीं जॉन ऑस्ट्रॉम या प्राध्यापकांना याच कुळांतील एका मोठ्या प्राण्याचीं हाडें सांपडलीं. १९६९ मध्यें त्यांनीं त्याला डायनॉनिकस, म्हणजे भयंकर नखीचा, असें नांव दिलें. हा तीन मीटरांहून लांब होता. पुढें १९८८ सालीं ग्रेगरी पॉल या चित्रकार-अभ्यासकानें आपल्या पुस्तकांत हे दोन्ही प्राणी एकाच नांवाखालीं घातले. क्रायटन यांनीं वर्णन घेतलें तें ऑस्ट्रॉम यांच्या मोठ्या प्राण्याचें, आणि नांव घेतलें मंगोलियांतल्या लहानाचें. कारण तें कानाला अधिक चटकदार लागतें. चित्रपटवाल्यांनीं त्यावर आणखी उंची चढविली. लेखकानें आपल्या पात्राचें नांव निवडावें, त्यांत गैर कांहींच नाहीं. कादंबरी ती कादंबरी. तिला पाठ्यपुस्तक समजून फळ्यावर उतरविणारा मास्तर निराळा, आणि दोष असला तर त्याचा.

दाराची मूठ फिरविणें हेंही त्या प्राण्याला साधलें नसतें. सिनेमांत त्याचे पंजे हार्मोनियम वाजविणाऱ्या माणसासारखे पालथे लोंबतात. हाडांची ठेवण सांगते कीं त्याचे दोन्ही तळवे एकमेकांकडे तोंड करून असत, जणूं टाळी वाजविण्याच्या बेतांत. मनगटांत एक अर्धचंद्राकृति हाड होतें, आणि त्याच्या योगानें हात बाजूला दुमडला जाई. आपल्या खिडकींतलें कबूतर उडून येऊन बसलें कीं पंख मिटून घेतें, ती हालचाल याच जातीची.

आणि पिसें! ती कल्पना नव्हे. मंगोलियांत मिळालेल्या एका व्हेलोसिरॅप्टराच्या कोपरापुढच्या हाडावर एका ओळींत सहा बारीक उंचवटे आहेत. २००७ सालीं ॲलन टर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें प्रसिद्ध केलें. आजच्या पुष्कळ पक्ष्यांच्या हाडावर नेमक्या याच जागीं असे उंचवटे असतात. पंखाचीं मोठीं पिसें तेथें घट्ट बांधलेलीं असतात. पीस स्वतः दगडांत उरलें नाहीं, पण त्याची खुंटी उरली. भिंतीवरील खिळा पाहून तेथें पूर्वीं तसबीर होती हें आपण ओळखतों, तशांतलाच हा प्रकार. हा प्राणी उडत मात्र नसे. त्याचे हात त्या मानानें आंखूड होते.

या लुटारूचा लौकिक अगदींच पोकळ आहे असें मात्र कोणीं समजूं नये. १९७१ सालीं पोलंड व मंगोलिया यांच्या संयुक्त मोहिमेला गोबींत जें सांपडलें तें कोणत्याही पटकथाकाराला सुचलें नसतें. एक व्हेलोसिरॅप्टर आणि मेंढीएवढा एक शाकाहारी प्रोटोसेराटॉप्स, दोघे झुंजतां झुंजतां वाळूखालीं गाडले गेले ते तसेच. लुटारूच्या मागच्या पायाची कोयत्यासारखी नखी दुसऱ्याच्या गळ्याशीं आहे, आणि त्याचा स्वतःचा उजवा हात दुसऱ्याच्या चोंचीसारख्या जबड्यांत पकडलेला आहे. कोणी जिंकला नाहीं. वाळूचा ढीग कोसळला असावा आणि सात कोटींहून अधिक वर्षें ती मारामारी तशीच थांबून राहिली. या सांगाड्यांचें छायाचित्र मीं पाहिलें तेव्हां नातू झोंपला होता. मी बराच वेळ दिवा न मालवतां बसून राहिलों.

पक्ष्यांशीं असलेलें या कुळाचें नातें, तेंही आजचें नव्हे. १८५९ सालीं जर्मनींतील बव्हेरिया प्रांतांतल्या काँप्सोग्नेथस नांवाच्या एका चिमुकल्या मांसाहारी डायनोसॉराचें वर्णन प्रसिद्ध झालें. आकारानें तो कोंबडीच्या जवळपास. पोटांत त्यानें गिळलेल्या सरड्याचा सांगाडा जसाच्या तसा. दोनच वर्षांनीं, १८६१ मध्यें, त्याच प्रांतांत आर्किऑप्टेरिक्स हा पिसांचा प्राचीन पक्षी मिळाला. दोन्ही सांगाडे शेजारीं ठेवून टॉमस हक्सले यांनीं १८६८ च्या सुमारास म्हटलें कीं हे नातलग आहेत. मग मध्यंतरीं बरीच वर्षें ही गोष्ट मागें पडली आणि १९७० नंतर ऑस्ट्रॉम यांनीं ती पुन्हां उचलून धरली. १९९६ सालीं चीनमध्यें काँप्सोग्नेथसाच्या अगदीं जवळच्या प्राण्याच्या अंगावर पिसांसारखी लव सांपडली, तेव्हां शंकेला फारशी जागा राहिली नाहीं. कोंबडीच्या छातीवर बेचकीच्या आकाराचें जें हाड असतें, तेंही व्हेलोसिरॅप्टरांत मिळालेलें आहे. सांप्रत शास्त्रज्ञ पक्ष्यांना डायनोसॉरांचे वंशज म्हणून थांबत नाहींत. पक्षी हे डायनोसॉरच, असें सरळ म्हणतात.

म्हणजे हक्सलेंनीं जें १८६८ मध्यें सांगितलें तें १९९४ मध्यें मागच्या बाकावरून मला कोणी तरी सांगितलें होतें.

पुस्तक मिटून नातवानें पुढचा प्रश्न विचारला: "आजोबा, आपल्याकडचा लहान मांसाहारी कोणता?" मला उत्तर येत नव्हतें. शोधलें, तें जबलपुरास सांपडलें.

जबलपूर मराठी माणसाला अगदींच परकें नाहीं. १८१७ पर्यंत तेथें नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. ठगांच्या बंदोबस्तामुळें प्रसिद्ध झालेले कॅप्टन स्लीमन यांना १८२८ सालीं तेथें कांहीं अश्मीभूत हाडें मिळालीं. भारतांत सांपडलेलीं डायनोसॉरांचीं तीं पहिलीं हाडें. तो प्राणी अजस्र आणि शाकाहारी. रिचर्ड लायडेकर यांनीं १८७७ मध्यें त्याला टायटॅनोसॉरस इंडिकस असें नांव दिलें. पण आपल्याला हवा आहे तो लहान. जबलपुरांतील बडा सिमला टेकडीच्या थरांत चार्ल्स मॅटले यांनीं १९१७ ते १९१९ या काळांत खोदकाम केलें. निघालेल्या हाडांचा अभ्यास करून मॅटले आणि जर्मन पंडित फ्रीड्रिख फॉन ह्यूने यांनीं १९३३ सालीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांत कांहीं लहान मांसाहारी प्राण्यांना नांवें दिलीं. एकाचें नांव शहरावरूनच पडलें, जुबलपुरिया. दुसरा लेव्हिसुकस इंडिकस. नांवाचा अर्थ साधारणपणें भारतांतली हलकी सुसर असा होतो, जरी सुसरीचा आणि त्याचा संबंध दूरचाच.

या लेव्हिसुकसाचें भांडवल किती म्हणाल? चार मणके. तीन मानेचे आणि एक पाठीचा. कवटी नाहीं, दांत नाहीं, नखी नाहीं. त्या चारांतलेही कांहीं पुढें संग्रहांतून गहाळ झाले! ज्याचीं खेळणीं जगभर विकलीं जातात त्या मंगोलियन लुटारूचे सांगाडे पाहावयास मिळतात. आणि आपला हा घरचा प्राणी मुठींत मावेल एवढ्या पुराव्यावर उभा आहे. नातवाला मीं हें सांगितलें तेव्हां तो हिरमुसला. "मग त्याचें चित्र कसें काढायचें?" तो म्हणाला.

त्याचें उत्तर नातलगांकडून मिळतें. १९८० सालीं अर्जेंटिनांत नोआसॉरस नांवाचा लहान मांसाहारी प्राणी नोंदला गेला. २००१ मध्यें मादागास्कर बेटावरचा मसियाकासॉरस नोंदला गेला. सुमारें दोन मीटर लांब, आणि खालच्या जबड्याचे पुढचे दांत चक्क बाहेर झुकलेले. (उत्खननाच्या जागीं मार्क नॉफ्लर या ब्रिटिश गायकाचीं गाणीं लावलीं कीं हाडें सांपडत, म्हणून प्राण्याच्या नांवाचा उत्तरार्ध त्याच्यावरून ठेविला आहे. शास्त्रज्ञांनाही आपल्यासारखे शकुन लागतात!) लेव्हिसुकसाचे मणके या दोघांच्या मणक्यांशीं जुळतात. भारत आणि मादागास्कर हे एके काळीं एकच भूमि होते. सुमारें ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीं त्यांची ताटातूट झाली. तेव्हां जबलपूरच्या चार मणक्यांचे सोयरे समुद्रापलीकडे निघावे यांत नवल नाहीं. या आधारानें आपला लेव्हिसुकस दीड-दोन मीटर लांबीचा, सडपातळ, दोन पायांवर पळणारा असावा असें मानतात. त्याच मातींत बराच मोठा राजासॉरसही वावरत होता; त्याचीं हाडें गुजरातेंत मिळालीं आणि २००३ सालीं तो जाहीर झाला. व्हेलोसिरॅप्टराशीं आपल्या प्राण्याचें नातें मात्र जवळचें नव्हे. दोघे मांसाहारी, दोघे लहान, पण शाखा निराळ्या.

येथें एक गंमत सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. नोआसॉरसाची एक वांकडी नखी मिळाली होती. विद्वानांनीं ती पायाची मानली आणि या प्राण्यालाही व्हेलोसिरॅप्टरासारखा कोयता बसविला. पुढें हाड बारकाईनें पाहतां ती नखी हाताची ठरली. कोयता उतरविण्यांत आला. ज्यांनीं आयुष्य या हाडांत घातलें तेही त्या नखीच्या मोहांत पडले हें वाचून मला, खोटें कशाला बोलूं, थोडें बरें वाटलें. फरक एवढाच कीं त्यांनीं आपलें चित्र पुसलें. माझें फळ्यावरचें चित्र मीं दर वर्षीं नव्यानें काढीत राहिलों.

एकदां पाहिलेलें हाड पुन्हां पाहण्याचें आणखी एक उदाहरण आपल्या नागपूरचें आहे. भूशास्त्रज्ञ डॉ. धनंजय मोहबे यांनीं गुजरातेंतील खेडा जिल्ह्यांत डायनोसॉरांच्या अंड्यांपाशीं सांपडलेल्या एका पिल्लाचीं हाडें १९८७ सालीं वर्णिलीं. पुढें अमेरिकेचे जेफ्री विल्सन यांनीं तो दगड निरखला तेव्हां त्यांना दिसलें कीं त्यांतले कांहीं मणके पिल्लाचे नसून सापाचे आहेत. अंड्याभोंवतीं वेटोळें घालून साडेतीन मीटरांचा साप बसला होता आणि नुकतेंच बाहेर आलेलें पिल्लूं समोर होतें! २०१० सालीं त्या सापाचें नांव सनाजे इंडिकस म्हणून जगापुढें आलें, आणि त्या निबंधाच्या लेखकांत स्वतः मोहबे होते. तेवढ्यावर त्यांचें काम थांबलें नाहीं. स्लीमन यांच्या काळचा, हरवला म्हणून ठरलेला, टायटॅनोसॉरसाचा मणका कलकत्त्याच्या संग्रहांत पुन्हां हुडकून काढणाऱ्यांतही ते होते.

हा जो हाडांचा थर, त्याला नर्मदेवरील लमेटा घाटाचें नांव आहे. जबलपुराहून तो तुटक तुटक आपल्या विदर्भांतही उतरतो. चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याच्या बाजूस पिसदुरा नांवाचें गांव आहे. (गांवाच्या नांवांत पीस असलें तरी डायनोसॉराचें पीस तेथें मिळालेलें नाहीं.) नागपूरचे पादरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून, म्हणजे दीडशें वर्षांहून अधिक, तेथें मोठ्या शाकाहारी डायनोसॉरांचीं हाडें मिळत आहेत, आणि हाडांबरोबर दगड झालेली त्यांची विष्ठाही. ती फोडून २००५ सालीं शास्त्रज्ञांनीं तींत गवताचे सूक्ष्म कण दाखविले. डायनोसॉरांच्या काळीं गवत नव्हतें असें तोंपर्यंत सर्वत्र समजत. मीही तसेंच शिकविलें होतें, पण येथें मजबरोबर सारें जग होतें.

आतां अंधेरीची टेकडी. लमेटाचा थर दख्खनच्या लाव्हारसाखालीं आहे. तो लाव्हा मुख्यत्वें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींच्या सुमारास वाहिला, आणि पक्षी वगळतां डायनोसॉर संपले तेही त्याच सुमारास. परंतु मुंबईचा खडक त्या मुख्य लाव्ह्याच्या मागाहून आलेला. मनोरी आणि साकीनाका येथील खडकांचें वय आरगॉन वायूच्या मोजणीनें काढलें आहे. तें सहा कोटी वर्षांच्या थोडेंसें इकडे-तिकडे येतें. गिल्बर्ट हिलही याच मागाहून आलेल्या घराण्यांतली. म्हणजे ती उभी राहिली तेव्हां तिच्याकडे पाहावयास टायरॅनोसॉरही नव्हता, राजासॉरसही नव्हता आणि आमचा लेव्हिसुकसही नव्हता. मुंबईच्या दगडांत मिळाले आहेत ते बेडूक. वरळीच्या थरांतल्या त्या इवल्याशा बेडकांचें वर्णन १८४७ सालीं केलें तें रिचर्ड ओवेन यांनीं. आणि 'डायनोसॉर' हा शब्द १८४२ मध्यें घडविणारे गृहस्थही हेच. एकाच माणसानें भीमसरटांना नांव दिलें आणि मुंबईच्या बेडकालाही, याची मला फार मौज वाटते. वीस वर्षें मुलांना घेऊन जावयाचें होतें तें या बेडकांच्या गोष्टीसाठीं.

टेकडीविषयींची चूक सुधारण्यास मीं जुन्या विद्यार्थ्यांना निरोप धाडला. कित्येकांनीं उत्तरादाखल हंसण्याचीं चिन्हें पाठविलीं. दुसरी चूक निरोपानें सुधारण्यासारखी नव्हती.

स्टेशनाजवळचें तें दुकान त्याच जागीं आहे. आतां तें मुलगाच चालवितो. वय चव्वेचाळीसच्या आसपास, कानशिलावर केस पिकूं लागलेले. नातवाला घेऊन एका सकाळीं मी तेथें गेलों. अशा दुकानाची पायरी मी प्रथमच चढत होतों, आणि वास सोसवत नव्हता हें कबूल करतों. त्यानें ओळखलें. "सर, तुम्ही इकडे?" म्हणून हात धुऊन पुढें आला. मीं गिऱ्हाइकांसमोरच सांगितलें कीं सातवींत तूं जें बोललास तें बरोबर होतें आणि मीं तुला हंसविलें तें चूक होतें. रॅप्टर, पिसें, हाडावरचे उंचवटे, सगळें घाईघाईनें सांगून टाकलें. वर्गांत पाठ करून म्हणणाऱ्या मुलासारखी माझी अवस्था झाली होती.

त्यानें ऐकून घेतलें. मग फळीवरचा एक कापलेला पाय उचलला आणि नातवाला जवळ बोलाविलें. कापलेल्या टोंकाशीं पांढरी शीर दिसत होती, ती त्यानें दोन बोटांत धरून ओढली. तो निर्जीव पंजा मुठीसारखा मिटला. सोडली, उघडला. नातू ओरडलाच. "बघ, हिच्या बोटांत स्वतःची ताकद नाहीं, वरून दोरी आहे," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न पाहतां पुढें बोलला, "हें मी तेव्हां वर्गांत आणणार होतों, सर. दुसऱ्या दिवशीं. कागदांत बांधून ठेवलेलेंही होतें. मग नाहीं आणलें."

मला कांहीं बोलतां आलें नाहीं. तोही थांबला नाहीं. गिऱ्हाइकें खोळंबलीं होतीं. नातवानें छातीचें तें बेचकीसारखें हाड मागितलें. त्यानें सुरीच्या टोंकानें तें अखंड काढलें, नळाखालीं धुतलें, आणि पैसे घेतले नाहींत. "हाडावरच्या खुंट्या बघायच्या असतील तर कोंबडींत नीट दिसतात कीं नाहीं तें मी बघून ठेवतों," तो नातवाला म्हणाला. "रविवारी गर्दी असते. सोमवारीं या."

घरांत हाड ठेवण्यास परवानगी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. वाटाघाटी होऊन तें सध्यां आमच्या गॅलरींत, तुळशीच्या कुंडीपासून पुरेशा अंतरावर, एका काचेच्या बरणींत आहे. शेजारीं तो हिरवा प्लॅस्टिकचा रॅप्टर उभा आहे, आणि नातवानें त्याच्या दोन्ही हातांना कबुतराचीं पडलेलीं पिसें डिंकानें चिकटविलीं आहेत. सोमवारीं आम्ही जाऊन आलों.